सैल शर्टांचं इंग्रजी

या सगळ्या प्रकरणात टेपबाईंना मिळण्यासारखं काय होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. एक खुर्ची. पाठ असलेली, हात असलेली, खाली चाकं असलेली, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात खिडकीशेजारी ठेवलेली. खुर्चीबरोबर एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि कपड्यांची इंग्रजी वर्णनं लिहिण्याचं काम. पगारात जो फरक पडणार होता तो नाव घेण्यासारखा नव्हता. पण तेरा वर्षं उभं राहून शर्ट मोजणाऱ्या बाईला खुर्चीचा हिशेब वेगळा लागतो. त्यात डावा गुडघा येतो, उजव्या पोटरीच्या फुगलेल्या शिरा येतात, आणि घरी गेल्यावर चपला काढताना तोंडून निघणारं 'आई गं' येतं. शिवाय नणंद. नणंदेचे इंग्रजीचे क्लास होते, आणि आपली वहिनी इंग्रजी लिहिण्याची नोकरी करते हे तिला चार लोकांत सांगावं लागलं असतं. हा फायदा टेपबाईंनी मनातल्या मनात वेगळा काढून ठेवला होता.

कारखाना बायकांच्या शर्टांचा. खाली कटिंगचं लांब टेबल, त्यापलीकडे मशिनं, इस्त्री, आणि कोपऱ्यात, गळ्यात कायम टेप अडकवलेल्या टेपबाईंचं मोजणीचं टेबल. वर मालक आणि ऑफिस. शर्टाचे फोटो इंटरनेटवर टाकायचे, खाली चार ओळी इंग्रजीत लिहायच्या, आणि लांबलांबच्या बायका घरबसल्या मागवायच्या. आवडला नाही तर परत पाठवायच्या. परत आलेलं प्रत्येक पाकीट टेपबाईंच्या टेबलावर यायचं, कारण तिथे दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

पाकिटात शर्टाबरोबर एक चिठ्ठी असे. का परत केलं, ते बाईने तिच्यावर लिहायचं. टेपबाईंनी ती वाचून रजिस्टरात तीनपैकी एका रकान्यात रेघ मारायची: कापणी, वर्णन, गिऱ्हाईक. चूक कापणीची किंवा वर्णनाची असली तर परतीचं भाडं कारखान्याच्या डोक्यावर. नुसतंच बाईला आवडलं नसलं तर भाडं बाईच्या डोक्यावर. म्हणजे भाडं कुणी भरायचं हे टेपबाईंच्या एका रेघेवर ठरे, आणि रेघ चिठ्ठीतल्या एका शब्दावर.

त्यामुळे टेपबाईंचं इंग्रजी सगळं तक्रारीचं होतं. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर त्या गडबडून जात, पण शर्ट अंगाला मोठा झाला हे सांगण्याच्या इंग्रजीत जितक्या तऱ्हा आहेत, त्या सगळ्या त्यांना ओळखीच्या होत्या. 'लूज' लिहिणारी बाई रागावलेली नसते. जरा सैल आहे, एवढंच तिचं म्हणणं. 'बॅगी' लिहिलं की तिने नाक मुरडलंय. 'शेपलेस' आरशासमोर उभं राहून लिहितात. 'फ्रम्पी', म्हणजे गबाळं, लिहिणारीला आरशाने काही सांगितलेलं नसतं, घरातलं कुणीतरी बोललेलं असतं. 'टेंट' आणि 'सॅक', म्हणजे तंबू आणि पोतं, इथवर गाडी आली की ती बाई पुन्हा आपल्या दारात येत नाही. 'मी या शर्टात पोहतेय' असं लिहिणारी मात्र स्वभावाने बरी. ती हसत हसत एक नंबर लहान मागवते. आणि 'रूमी', ऐसपैस, हा शब्द तेरा वर्षांत परतीच्या एकाही चिठ्ठीवर आला नव्हता.

यंदाची गडबड कटिंग मास्तरांच्या हातून झाली, आणि ती त्यांच्याच हातून होण्यासारखी होती. तीस वर्षं मास्तर पुठ्ठ्याचा नमुना कापडावर ठेवत, कडेने खडूची रेघ मारत, आणि रेघेबाहेर पाऊण इंच कापड शिलाईसाठी सोडून कापत. यंदा मालकांच्या भाच्याने नमुने कॉम्प्युटरवर काढून आणले. त्यात तो पाऊण इंच आधीच धरलेला होता. भाच्याने तसं कळवलंही होतं, ईमेलवर. मास्तरांना ईमेल नव्हता. त्यांनी नमुना ठेवला, रेघ मारली, आणि पुढचं त्यांच्या हाताने आपलं आपण केलं. बाजूच्या शिवणींच्या चार कडा. चार पाऊण तीन. प्रत्येक शर्ट छातीत तीन इंच मोठा, खांदा दंडावर उतरलेला. कापडाचे शंभर शंभर थर रचून एकदम कापतात, त्यामुळे पहिला शर्ट शिवून टेपबाईंच्या टेबलावर येईपर्यंत बाराशे कापून झाले होते.

टेपबाईंनी तो तीनदा मोजला. मग दुसरी टेप आणून पहिली टेप मोजली. मग शर्ट घडी घालून काखेत मारला आणि मास्तरांपाशी गेल्या.

"मास्तर, पाऊण इंच दोनदा सुटलाय."

मास्तरांनी नमुना उचलला, उजेडाकडे धरला, त्यावर स्वतःची टेप लावली.

"कुणाला बोललीस?"

"टेपला."

"मग ती गळ्यातच राहू दे." त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. "दोन वर्षं राहिलीत माझी. या वयात चूक झाली म्हटलं की चूक माफ करतात गं, वय माफ करत नाहीत."

टेपबाई नव्या होत्या तेव्हा त्यांच्या नजरेखालून चाळीस शर्ट डाव्या बाहीच्या जागी उजवी लावून पास झाले होते. मास्तरांनी ते जेवणाच्या सुट्टीत एकेक करून उसवले आणि बाह्या बदलून बसवल्या. नंतर त्याचा उच्चारही केला नव्हता. असल्या उपकाराचं ओझं फार असतं. टेपबाईंनी मान हलवली.

मास्तरांनी वर जाऊन सांगितलं की कापड धुलाईत सैल पडलं. मालकांनी तिथल्या तिथे कापडवाल्याला फोन लावून पंधरा मिनिटं झापलं. कापडवाल्यालाही सवय होती. काय झालंय हे न विचारता त्याने 'पुढच्या वेळी होणार नाही' म्हणून सांगितलं.

"सैल झाले ना?" मालक म्हणाले. "मग सैलच विकू. जगात सैल घालणाऱ्या बायका मेल्या की काय? नुसता शब्द पाहिजे चांगला."

शब्द शोधायचं काम ज्या मुलीकडे असायचं ती गेल्याच महिन्यात दुसरीकडे लागली होती. तिची खुर्ची रिकामी होती आणि भाच्याचा त्या खुर्चीवर डोळा होता. टेपबाई रजिस्टर घेऊन वर गेल्या तेव्हा तो मामांना वाचून दाखवत होता.

"फ्लोइंग. एअरी. बिलोइंग."

"बिलोइंग म्हणजे?"

"वाऱ्याने फुगलेलं, मामा. शिडासारखं."

"हं. छान वाटतंय."

टेपबाईंनी रजिस्टर ठेवलं आणि निघायला हवं होतं, पण पाय निघेना. "साहेब, हे कापड वाऱ्याने फुगायचं नाही. उलट वाराच अडवेल. आणि फ्लोइंग म्हणजे पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. आपला शर्ट टेबलावर ठेवला की बसून राहतो."

भाचा हसला. "काकू, बाई वर्णन वाचून शर्ट घेते. टेप लावून नाही."

"घेते वाचून, भाचेसाहेब. परत करते घालून."

मालकांना दोन माणसं एकमेकांना भिडलेली पाहायला आवडायचं. त्यातून बहुतेक वेळा त्यांचं काहीतरी फुकटात होऊन जायचं. ते खुर्चीत मागे रेलले. "ठरलं तर. सहाशे शर्ट याच्या वर्णनाखाली, सहाशे तुमच्या. ज्याच्या वर्णनापायी कमी परत येतील, तो त्या खुर्चीवर बसेल. काय टेपबाई, लिहाल ना?"

"लिहीन," टेपबाई म्हणाल्या, आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण आजवर इंग्रजीत सहीशिवाय काही लिहिलेलं नाही.

खाली मास्तर वाट पाहत होते. "काय वाट्टेल ते लिही," ते हळूच म्हणाले, "फक्त इंच लिहू नकोस. तीन हा आकडा मालकांनी वाचला की त्याला चारने भागायला त्यांना वेळ लागणार नाही."

रविवारी दुपारी टेपबाईंनी एक शर्ट घरी आणून नणंदेच्या अंगावर चढवला. नणंद वयाने मोठी, खालच्या मजल्यावर राहणारी, आणि वहिनीला इंग्रजीसाठी आपली गरज पडली या आनंदात सकाळपासून न्हालेली.

"हात वर करा, वन्सं."

"करते. पण वहिनी, इंग्रजी टेपने मोजतात हे मला माहीत नव्हतं हं. आम्ही उगीच व्याकरण शिकवत बसलो."

"फिरा जरा. आता सांगा, काय म्हणाल याला?"

"मराठीत? ढगळ."

"तसं म्हटलं तर कोण घेईल? दुसरं."

"घोळदार. ऐसपैस. मोकळाढाकळा. अघळपघळ." नणंदेने आरशात पाहून खांदे उडवले, शिवण काही खांद्यावर यायला तयार नव्हती. "घोळदार नाही, घोळ पडतच नाहीये. अघळपघळ म्हणजे स्लाउची; त्याला कापड लोळावं लागतं, हे तर शिपायासारखं ताठ आहे. बॉक्सी म्हणा. खोक्यासारखं. नाहीतर सरळ किती मोठा आहे ते लिहून मोकळ्या व्हा."

"इंच लिहायचे नाहीत. पण वाचणारीला कळले पाहिजेत."

"म्हणजे तुम्हाला शब्द नकोय, चोरवाट हवीय. बॅगी लिहा, लूज लिहा, ओव्हरसाइज्ड लिहा, माप तर तेवढंच ना?"

टेपबाई टाचण्या तोंडात धरून खांद्याशी वाकल्या होत्या. त्यांनी टाचण्या काढल्या. "माप तेवढंच. पण दोष ज्याच्या त्याच्या माथी वेगळा जातो ना. बॅगी म्हटलं की चुकला शिवणारा. लूज म्हटलं की चुकली घालणारी, तिने नंबर नीट बघितला नाही. आणि ओव्हरसाइज्ड म्हटलं की कुणीच चुकलं नाही, मुद्दाम केलंय."

नणंद आरशातून वहिनीकडे पाहत राहिली. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"परतीच्या टोपलीत."

"हात खाली करू का आता?" नणंद म्हणाली, आणि तिने स्वतःहून वही ओढली.

दोघींनी मिळून जे लिहिलं ते साधारण असं होतं: बॉक्सी, ओव्हरसाइज्ड शर्ट. खांद्याची शिवण दंडावर उतरते, ती तशीच ठेवली आहे. कापड जाड, अंगावर ओघळत नाही, अंगापासून दूर राहतं. इतका ऐसपैस नको असेल तर एक नंबर लहान घ्या. तोही चालणार नसेल तर घेऊ नका. शेवटचं वाक्य काढा म्हणून नणंदेने अर्धा तास डोकं खाल्लं. ते काढलं नाही म्हणून तिने तीन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि 'मीच लिहून दिलं' असं सोमवारी क्लासमध्ये सांगून टाकलं.

अकरा दिवसांत भाच्याचे सहाशे शर्ट संपले. टेपबाईंचे तोवर अडीचशे गेले होते. भाच्याने वरच्या मजल्यावर सगळ्यांना थंड पाजलं आणि खुर्चीची उंची आपल्या पायांच्या मापाने करून घेतली. खाली येऊन म्हणाला, "काकू, 'घेऊ नका' असं लिहिलं की लोक घेत नाहीत. आज्ञाधारक असतात."

"हो ना," टेपबाई म्हणाल्या. "परत किती आले तेवढं बघू."

तिसऱ्या आठवड्यात परतीची पोती यायला लागली. टेपबाईंच्या वर्णनाचे सहा परत आले, सहाही रंग आवडला नाही म्हणून. भाच्याचे दोनशे एकतीस. टेबलावर जागा उरली नाही, म्हणून पाकिटं कटिंगच्या टेबलाखाली रचली. एकीने लिहिलं होतं, शर्ट खुंटीवर टांगायची गरज नाही, तो एकटा उभा राहतो. दुसरीने लिहिलं होतं की वाऱ्याने काही फुगलं नाही, फुगलं ते हसून हसून नवऱ्याचं पोट.

एरवी खाली न येणारे मालक त्या दिवशी खाली आले. ढिगाकडे पाहून त्यांनी मनातल्या मनात भाड्याचा गुणाकार केला. तो त्यांच्या कपाळावर दिसला.

"टेपबाई, हे सगळे तिसऱ्या रकान्यात घाला."

"गिऱ्हाइकाच्या?"

"मग? सैल आहे म्हणूनच परत केलेत ना? सैल आहे हे आपण सांगितलंच होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "खुर्ची तुमचीच समजा. भाच्याला मी बघून घेतो."

तिसरा रकाना भरायला अर्धा तास पुरला असता. टेपबाईंनी पेन उघडलंही. पण हाताला चिठ्ठी वाचल्याशिवाय रेघ मारायची सवय नव्हती, जशी मास्तरांच्या हाताला पाऊण इंच सोडल्याशिवाय कापायची नव्हती. त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली. मग मालकांना वाचून दाखवली.

"'पडद्यासारखा असेल म्हणालात, दारासारखा निघाला.' साहेब, हिला तिसऱ्यात घातलं तर ही भाडं भरेल. आणि त्यानंतर आपल्याकडे कशालाच भरणार नाही. आता ही दुसरी बघा: 'सुंदर आहे, पण मी बारीक आहे.' हिला तिसऱ्यात घालते, हिची काही तक्रार नाही."

"दुसऱ्या रकान्यात किती जातील?"

"वाचल्यावर सांगते."

"आणि खुर्चीचं काय?"

हे विचारण्याचा अर्थ न कळण्याइतक्या टेपबाई भोळ्या नव्हत्या. "ती तुमची आहे, साहेब. रेघ माझी आहे."

मालक वर गेले. टेपबाई पुढचे दोन दिवस उभ्या राहून चिठ्ठ्या वाचत होत्या. डावा पाय सुन्न झाला की उजव्यावर, उजवा झाला की डाव्यावर. खुर्ची गेली असं त्यांनी घरीही सांगून टाकलं. नणंदेने पहिल्यांदाच त्यावर टोमणा मारला नाही, हे त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक चिठ्ठी निघाली. अक्षर म्हातारं, ओळी सरळ. टेपबाईंनी ती दोनदा वाचली आणि मास्तरांना कोपऱ्यात बोलावलं.

"ऐका. 'मी चाळीस वर्षं कपडे शिवते. तुमच्या कापणाऱ्याने शिलाईचं कापड दोनदा सोडलं आहे. तुम्ही नमुना बदललात आणि त्याला सांगितलं नाहीत, होय ना?'"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कुठली बाई आहे?"

"लांबची."

"हात चांगला असणार तिचा." मग चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "शेवटचं पुन्हा वाच."

टेपबाईंनी पुन्हा वाचलं. मास्तर ऐकत राहिले, दाद मिळालेल्या माणसासारखे.

"हिला पहिल्या रकान्यात घालावं लागेल," टेपबाई म्हणाल्या. "कापणी."

"घाल की."

"घातली की मालक विचारणार, एकच कशी, आणि चिठ्ठी मागणार."

दोघेही त्या एका कागदाकडे पाहत उभे राहिले. दोनशे तीस बायकांना टेपबाईंनी त्यांच्या त्यांच्या शब्दाप्रमाणे न्याय दिला होता, आणि जिचा शब्द सगळ्यात खरा, तिच्यासाठीच रजिस्टरात जागा नव्हती. शेवटी टेपबाईंनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. "हिचं भाडं आपण बाहेरच्या बाहेर पाठवू. रजिस्टरात ही आलीच नाही असं समजायचं."

"निम्मं माझं," मास्तर म्हणाले.

रजिस्टर वर गेलं. मालकांनी बेरीज पाहिली, भाच्याने त्यांच्या खांद्यावरून पाहिली. "मामा, काकूंनी मुद्दाम दुसऱ्यात घातलेत! एवढे वर्णनाचे कसे असतील?"

मालकांनी गठ्ठ्यातून पाच चिठ्ठ्या उपटल्या आणि भाच्याच्या हातात दिल्या. "वाच. मोठ्याने."

भाच्याने पहिली ऐटीत वाचली. दुसरी जरा भरभर. तिसरीत नवऱ्याचं पोट होतं. ती वाचताना ऑफिसातली टायपिस्ट टेबलाखाली वाकून पेन शोधू लागली. चौथीला त्याचा आवाज असा काही उतरला की मालकांनी पाचवी परत घेतली.

"वर बसून चुकीचं लिहिणारे मला पोत्याने मिळतील," ते म्हणाले. "खाली उभं राहून बरोबर वाचणारी एकच आहे. तिला वर आणली तर खाली कोण वाचणार?"

टेपबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या तशाच मागे फिरून खाली आल्या.

अर्ध्या तासाने इस्त्रीवाला आणि हमाल खुर्ची उचलून खाली घेऊन आले. चाकं जिन्यावर प्रत्येक पायरीला आपटत होती. परतीच्या टेबलामागे ती ठेवली, तेव्हा मशिनवरच्या बायकांनी मशिनं थांबवून पाहिलं. मागून मालकांचा निरोप आला: वर्णनं भाच्यानेच वर स्टुलावर बसून लिहायची, पण टेपबाईंनी वाचून सही केल्याशिवाय एकही बाहेर जायचं नाही. आणि उरलेले, परत आलेले सगळे शर्ट त्यांच्याच चार ओळींखाली पुन्हा विकायला काढायचे, 'घेऊ नका' सकट.

टेपबाई बसल्या. खुर्ची भाच्याच्या उंचीला लावलेली होती, पाय टेकेनात. त्यांनी दांडा शोधून ती खाली घेतली.

आता भाड्याचा हिशेब. दोनशे एकतीस पाकिटं परत आली. एकशे अठ्ठावन्न वर्णनाच्या चुकीची, त्यांचं भाडं मालकांनी भरलं, आणि ते भाच्याच्या पगारातून कापावं की बहिणीशी वाकडं घेऊ नये यावर त्यांचा विचार चालू आहे. बहात्तर गिऱ्हाइकांनी आपापलं भरलं. त्यांतल्या कित्येकींनी एक नंबर लहान मागवलाही. कापडवाल्याचा कशाशी संबंध नव्हता, त्याने शिव्या खाल्ल्या. आणि त्या एका शिवणारीचं भाडं टेपबाईंनी आणि मास्तरांनी निम्मं निम्मं वाटून घ्यायचं, असं ठरलं होतं. मास्तरांकडे त्या दिवशी सुटे नव्हते.